वाट आणि वेळ एकत्र ठरवा : समुद्रकाठच्या धावण्याविषयी वाचकांचे प्रश्न

समुद्रकाठच्या गावांत धावण्यासाठी वाटा कशा शोधाव्यात, याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रे वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या तयारीच्या वाचकांची आहेत. तरी जवळजवळ सर्वांनी ‘कोठे धावावे’ हे विचारले आहे आणि ‘केव्हा’ हे फार थोड्यांनी. किनाऱ्यावर हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे वेळेचा विषय पुढील बहुतेक उत्तरांत येईल.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी नुकताच समुद्रकाठच्या एका लहान शहरात राहायला आलो आहे. आजवर मैदानाला फेऱ्या मारत पाच-सहा किलोमीटर धावत होतो. आता डोळ्यांनाही सुख देईल अशी वाट हवी आहे. एकच चांगला मार्ग निवडून तोच नियमित ठेवावा का?

उत्तर : मैदानावरील शिस्त आपल्या उपयोगी पडेल, परंतु एकाच मार्गाचा हट्ट मात्र सोडावा लागेल. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो, म्हणजे आज सकाळी सहा वाजता पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी तेथे भरती असेल. आज ज्या रुंद, ओल्या वाळूवरून आपण धावलात, तिच्यावर त्या दिवशी लाटा फुटत असतील. म्हणून तीन-चार वाटा हाताशी ठेवाव्यात आणि प्रत्येकीच्या पुढे तिची योग्य वेळ टिपून ठेवावी.

पहिली वाट बांधलेल्या सागरी पदपथाची किंवा किनाऱ्यालगतच्या रस्त्याची असावी. ती बाराही महिने मिळते. समुद्राकडून जोराचा वारा असताना मोठे उधाण आले आणि लाटा संरक्षक भिंतीवरून आत येऊ लागल्या, तेवढ्या वेळी ती टाळावी. दुसरी वाट पुळणीची, अर्थात ओहोटीच्या वेळेची. तिसरी खाडीच्या काठाने आत जाणारी असावी. खाडीकाठाकडे धावणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही आणि मला ती मोठी उणीव वाटते, कारण मोकळ्या किनाऱ्यावर वारा अंगावर येत असतो त्या दिवशीही खाडी पुष्कळदा शांत असते, बांधावरची वाट सपाट असते आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरणारे पक्षी हे दृश्य कोणत्याही पुळणीपेक्षा समृद्ध असते. चौथी वाट गावामागच्या टेकडीवर चढणारी असावी. तेथे आपण शक्यतो पहिल्याच आठवड्यात, पूर्ण ओहोटीच्या सुमारास जावे. वरून पाहिले की वाळूचे बांध कोठे आहेत, खडक कोठे उघडे पडतात, ओढे समुद्राला कोठे मिळतात आणि कोणत्या भूशिराला वळसा घालण्याइतकी वाळू मोकळी होते, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

दृश्याच्या बाबतीत एक कसोटी सांगतो. सरळ किनाऱ्यावर पहिल्या किलोमीटरला जे दिसते तेच चौथ्यालाही दिसते. जेथे किनारा वळतो तेथे दृश्य बदलते. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात स्टॅन्ले पार्क या हिरव्या द्वीपकल्पाला वळसा घालणारा सुमारे १० किलोमीटरचा पदपथ आहे. तेवढ्या अंतरात बंदर, शहराच्या इमारती, डोंगर, दाट झाडी आणि मोकळी खाडी हे सारे क्रमाने समोर येते आणि वाट कोठेही विशेष चढत नाही. फ्रान्समधील नीस येथील सुप्रसिद्ध सागरी रस्ता सुमारे ७ किलोमीटरचा आहे. तोही उपसागराच्या कमानीला धरून जात असल्यामुळे पुढचा किनारा सतत नजरेसमोर राहतो. आपल्या शहराचा नकाशा उघडून असे वळण कोठे आहे ते प्रथम पाहावे. नंतर ती वाट एकदा चालून पाहावी आणि मगच धावण्यासाठी पक्की करावी.

प्रश्न : भरती-ओहोटीचे कोष्टक मला मिळते, पण त्यात दोन भरत्यांच्या आणि दोन ओहोट्यांच्या वेळा व पाण्याची उंची एवढेच असते. त्यावरून पुळणीवर नेमके केव्हा उतरावे आणि केव्हा परतावे, हे कसे काढायचे?

उत्तर : हा प्रश्न किनाऱ्यावर धावणाऱ्या प्रत्येकाने विचारला पाहिजे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात, म्हणजे पाणी सहा तासांहून थोडा अधिक वेळ चढते आणि जवळपास तितकाच वेळ उतरते. परंतु ते एकाच गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोक यासाठी बाराव्या हिश्शाचा ढोबळ नियम वापरतात. एकूण चढउताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. कोष्टकात ओहोटी ०.५ मीटर आणि भरती ४.१ मीटर लिहिली असेल, तर फरक ३.६ मीटरचा झाला. अशा वेळी ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी फक्त ०.३ मीटर वर येते, दुसऱ्यात ०.६ आणि तिसऱ्यात ०.९ मीटर. आता पुळणीचा उतार लक्षात घ्यावा. पन्नास मीटर अंतरात एक मीटर उंची वाढत असेल, तर ०.९ मीटर चढलेले पाणी एका तासात ४५ मीटर रुंदीची वाळू गिळते. उतार याच्या निम्मा असेल तर ९० मीटर. पहिल्या तासात समुद्र जागच्या जागी आहे असे वाटते आणि धावणारा निश्चिंत होतो. पुढच्या दोन तासांत तोच समुद्र झपाट्याने जवळ येतो. अडकण्याचे प्रसंग याच सुमारास घडतात.

यावरून सोपा हिशेब निघतो. ओहोटीच्या वेळेच्या साधारण दीड ते दोन तास आधी पुळणीवर उतरावे, सर्वांत दूरचे टोक ओहोटीच्या आधीच गाठावे आणि ओहोटीनंतर फार तर तासाभरात घराकडच्या बाजूला असावे. ओहोटी ७ वाजून १० मिनिटांनी असेल, तर पावणेसहाला निघून सातच्या आत परत फिरणे उत्तम. पाणी उतरत असताना धावण्याचा आणखी एक लाभ असा, की नुकतीच उघडी पडलेली वाळू दबलेली, गुळगुळीत आणि पावलांच्या खुणांविरहित मिळते.

कोष्टकातील उंचीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवस नंतर, उधाणाची भरती येते आणि त्या दिवसांतली ओहोटीही खोल असते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो; तेव्हा पाणी फारसे चढतही नाही आणि फारसे उतरतही नाही. एखाद्या भूशिराला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाणारी आपली आवडती वाट उधाणाच्या ओहोटीला सहज मोकळी होत असेल, पण भांगाच्या दिवसांत ती दिवसभर पाण्याखाली राहू शकते. म्हणून ‘ओहोटी आहे’ एवढे पुरेसे नाही. किती मीटरच्या ओहोटीला ती वाट उघडते, हे एकदा प्रत्यक्ष पाहून टिपून ठेवावे.

कोष्टकातील आकडे हवामान साधारण असेल असे धरून काढलेले असतात. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला, की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने वाढते. वादळी हवेत दाब बराच खाली आलेला असतो आणि वाराही पाणी किनाऱ्याकडे लोटत असतो, त्यामुळे प्रत्यक्ष पाणी कोष्टकापेक्षा खूप वर येऊ शकते. शिवाय कोष्टक एका ठरावीक बंदराचे असते. खाडीत आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते.

ज्यांना प्रवासात अनोळखी किनाऱ्यावर धावायचे आहे, त्यांनी तेथील चढउतार आधी जाणून घ्यावा. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर तो इतका थोडा असतो की धावणाऱ्याला त्याचा विचार करावा लागत नाही. उलट कॅनडातील फंडीच्या उपसागरात तो सुमारे १६ मीटरपर्यंत जातो आणि फ्रान्समधील माँ-सें-मिशेलच्या उपसागरात १४ मीटरच्या आसपास. अशा विस्तीर्ण, सपाट वाळूवर पाणी समोरूनच येईल असे धरून चालता येत नाही. वाळूच्या बांधामागे समांतर घळी असतात, त्या आधी भरतात आणि धावणारा बांधावर कोरडा उभा असतानाच त्याच्या आणि काठाच्या मध्ये प्रवाह सुरू झालेला असतो. आपल्या किनाऱ्यावरही ओढ्याच्या मुखाजवळ हेच लहान प्रमाणात घडते. जाताना घोट्याएवढे असलेले पाणी येताना मांडीएवढे होऊ शकते, म्हणून असा ओढा ओलांडून पुढे जाणारी धाव नेहमी आखूड ठेवावी.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. पुळणीवर धावल्यावर पोटऱ्या भरून येतात आणि एका गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते. वाळू मऊ असते, म्हणून ती सांध्यांना चांगली असे ऐकले होते.

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

पोटऱ्यांचे दुखणे बहुधा सैल वाळूमुळे आहे. पाऊल टेकताच वाळू सरकते, टाच खाली जाते आणि जमिनीला रेटून पुढे जाण्यासाठी लावलेला जोर वाळू हलवण्यातच खर्च होतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे मोजले गेले, की त्याच वेगाने कठीण जमिनीवर धावण्यापेक्षा वाळूवर धावताना सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. म्हणजे आपले नेहमीचे पाच किलोमीटर सैल वाळूवर आठ किलोमीटरइतके पडतात. धक्का कमी बसतो हे खरे आहे, पण पोटऱ्या आणि टाचेची शीर यांच्यावरचा ताण वाढतो. म्हणून सैल वाळूवर अंतर मोजू नये, मिनिटे मोजावीत; सुरुवातीला पाच-दहा मिनिटे आणि तीही एकूण धावेचा एक भाग म्हणून.

दबलेली वाळू ओळखण्याची एक खूण आहे. ओल्या वाळूवर पाऊल टाकताच त्याच्याभोवती क्षणभर कोरडे, फिकट वलय दिसते. घट्ट बसलेले कण दाबामुळे एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधल्या फटी मोठ्या होतात आणि पृष्ठभागावरचे पाणी आत ओढले जाते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले होते. असे वलय दिसेल तेथे वाळू घट्ट आहे असे समजून खुशाल धावावे. पाऊल टाकल्यावर वाळू थरथरत असेल आणि पाणी वर येत असेल, तेथून बाजूला व्हावे. बारीक वाळूच्या पुळणी सामान्यतः सपाट आणि टणक असतात, जाड वाळूच्या पुळणी उभ्या उताराच्या आणि सैल असतात. त्यामुळे जवळपास दोन किनारे असतील तर बारीक वाळूचा निवडावा.

गुडघ्याची बाहेरची बाजू दुखण्यामागे उतार असण्याची शक्यता अधिक आहे. पुळण समुद्राकडे कललेली असते, त्यामुळे एक पाय सतत खाली आणि दुसरा वर पडतो. जाऊन त्याच वाटेने परतले की दोन्ही पायांना समान वाटा मिळतो, हा सल्ला योग्य आहे. पण परत येताना आपण त्याच उतारावरून धावत आहात याची खात्री करावी. बरेच जण जाताना पाण्याजवळून धावतात आणि येताना थकल्यावर रस्त्यावर चढतात, त्यामुळे हिशेब अर्धवट राहतो. पूर्ण ओहोटीच्या आसपास पाण्याकडचा पट्टा बहुधा सर्वांत सपाट असतो, म्हणून तीच वेळ आपल्यासाठी चांगली. दोन आठवडे सपाट पदपथावर धावूनही दुखणे कमी झाले नाही, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : समुद्राचा वारा असतानाही मला इतका घाम आणि थकवा का येतो? सकाळी धावावे की सायंकाळी?

उत्तर : घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. वारा मदत करतो, पण त्याची दिशा पाहावी लागते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. शांत हवामानात ते बहुधा सकाळ बरीच वर आल्यावर सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते मंद असतात, म्हणून पहाटेचे पाणी पुष्कळदा अगदी स्थिर दिसते. पहाटे तापमान सर्वांत कमी असते, मात्र हवेतील सापेक्ष दमटपणा बहुधा सर्वांत जास्त असतो. तरीही उष्ण दिवसांत मी पहाटेचीच बाजू घेईन, कारण त्या वेळी ऊन नसते आणि वाळू थंड असते.

आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि थकल्यावर वारा पाठीशी घेऊन परतावे, हा जुना सल्ला थंड हवेत उत्तम आहे. उकाड्यात त्याला एक जोड द्यावी लागते. आपण ताशी १० किलोमीटर वेगाने धावत असाल आणि तितक्याच वेगाचा वारा पाठीमागून येत असेल, तर आपल्या अंगाभोवतीची हवा जवळजवळ स्थिर असते. जातानाचा गारवा परतताना एकाएकी नाहीसा होतो आणि शरीर तापू लागते. म्हणून पाण्याचा मोठा भाग परतीसाठी राखावा आणि त्या टप्प्यात वेग कमी करण्याची मनाची तयारी ठेवावी. नव्या, उष्ण व दमट हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या काळात वेगाची तुलना जुन्या आकड्यांशी करू नये.

ऊन वरूनच लागते असेही नाही. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत फेकतो. टोपीच्या खाली हनुवटी आणि मान भाजते, ती यामुळे.

दृश्याचा विचार केला, तर पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडची झाडे व टेकड्या बराच वेळ सावली धरतात आणि पूर्वेकडील किनाऱ्यावर तोच लाभ सायंकाळी मिळतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना तो थेट समोर येईल अशी वाट घेऊ नये, कारण दिपलेल्या डोळ्यांना खड्डा, दोरी किंवा ओला खडक दिसत नाही. किनाऱ्याला समांतर धावताना प्रकाश बाजूने पडतो आणि वाळूवरची प्रत्येक लहर उठून दिसते. माझ्या मते समुद्रकाठचे सर्वांत सुंदर दृश्य त्याच वेळी मिळते.

प्रश्न : आमच्या गावाजवळ एक उंच भूशिर आहे आणि कड्याच्या कडेने पायवाट जाते. तेथून दृश्य अप्रतिम दिसते. पण पाचच किलोमीटरला रस्त्यावरच्या दहा किलोमीटरांइतका वेळ लागतो. आमचा वेग कमी पडतो का?

उत्तर : आपला वेग कमी पडत नाही. कड्यावरची वाट सतत चढत-उतरत असते आणि अंतराचा आकडा ते लपवतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत १,०१४ किलोमीटरची सलग पायवाट आहे. चोरट्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या किनारारक्षकांच्या गस्तीतून ती तयार झाली. त्यांना प्रत्येक लहान उपसागरात डोकावून पाहावे लागे, म्हणून ती वाट काठ सोडत नाही आणि प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरून पुन्हा वर चढते. संपूर्ण वाटेवरील चढाची बेरीज सुमारे ३५,००० मीटर भरते. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे बाँडाय ते कूजी ही सुमारे ६ किलोमीटरची वाट पुष्कळ लहान आहे, पण तीही पायऱ्यांनी भरलेली आहे. अशा वाटांवर चढ चालत चढावेत, उतारावर पावले आखूड टाकावीत आणि धाव वेळेने मोजावी.

कड्याच्या अगदी काठाने मात्र धावू नये. खालून लाटांनी पोखरलेला काठ वरून भक्कम दिसतो. जोराच्या पावसानंतर काही दिवस कड्यावरची आणि कड्याच्या पायथ्याची, दोन्ही वाटा सोडाव्यात. भूशिराच्या टोकाशी खडकांवर उतरायचे असेल, तर आधी वर उभे राहून निदान पंधरा मिनिटे समुद्र पाहावा, कारण मोठ्या लाटा काही मिनिटांच्या अंतराने येतात. जो खडक ओला आहे तेथपर्यंत लाट येते, आणि जो हिरवा आहे त्यावर पाय टिकत नाही. सोबतचा कोणी पाण्यात पडलाच, तर मागोमाग उडी घेऊ नये. तरंगणारी वस्तू किंवा दोरी फेकावी आणि लगेच मदत बोलवावी. ढगांचा गडगडाट ऐकू आला, तर भूशिर आणि मोकळी पुळण दोन्ही तत्काळ सोडून पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली थांबू नये.

प्रश्न : मी शाळेतील मुलांना धावण्याचे प्रशिक्षण देते. वाळूच्या टेकड्यांवर चढण्याचा सराव फार उपयुक्त असतो असे वाचले आहे. गावाबाहेर अशा टेकड्या आहेत. तेथे सराव घ्यावा का?

उत्तर : उपयुक्त आहे यात शंका नाही. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक पर्सी सेरुटी यांनी पोर्टसी येथील वाळूच्या टेकड्यांवर हर्ब एलियट यांच्याकडून असाच कसून सराव करून घेतला आणि एलियट यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरची शर्यत ३ मिनिटे ३५.६ सेकंद या विश्वविक्रमी वेळेत जिंकली. चढ आणि सैल वाळू एकत्र आल्यामुळे वेग कमी राहूनही हृदयाला आणि मांड्यांना भरपूर काम मिळते.

तरीही टेकडी निवडताना आपण फार काळजी घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाळूच्या टेकड्या उधाणापासून गावाचे रक्षण करतात आणि त्यांना धरून ठेवतात त्या त्यांच्यावरच्या वेली व गवत. धावणाऱ्यांच्या एका रांगेने ही वनस्पती तुडवली गेली, की तेथे वाट पडते, वारा त्या वाटेतून वाळू उडवतो आणि खिंड रुंदावत जाते. पुढच्या वादळात पाणी तेथूनच आत शिरते. म्हणून हिरवळ असलेल्या टेकडीवर सराव अजिबात घेऊ नये. जेथे आखून दिलेली पायवाट किंवा लाकडी जिना आहे, तेथेच चढावे. तसे नसेल, तर भरतीरेषेखालच्या सैल वाळूवर आखूड वेगवान फेऱ्या घ्याव्यात. मुलांना त्यातूनही जवळजवळ तेवढाच लाभ होईल.

भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूतच किनाऱ्यावरचे काही पक्षी उघड्यावर, नुसत्या खळग्यात अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची असल्यामुळे धावताना दिसत नाहीत. एखादा लहान पक्षी पंख मोडल्यासारखा फडफडत आपल्यापुढे पळू लागला, तर घरटे जवळ आहे असे समजून पाण्याच्या बाजूने निघून जावे. समुद्रकासवे बहुतेक वेळा रात्री अंडी घालण्यासाठी वर येतात. त्यांच्या हंगामात पहाटेच्या अंधारात पुळणीवर पांढरा दिवा वापरू नये. अंधूक लाल दिवा वापरावा किंवा उजाडण्याची वाट पाहावी. मुलांना ही कारणे समजावून सांगितलीत, तर ती मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतात.

प्रश्न : अनवाणी धावावे की बूट घालून? आणि खाऱ्या पाण्याने बूट लवकर खराब होतात, त्यावर काय करावे?

उत्तर : घट्ट, स्वच्छ आणि पूर्ण उजेडात दिसणाऱ्या वाळूवर थोडा वेळ अनवाणी धावण्याने तळपायाचे आणि घोट्याचे स्नायू बळकट होतात. दिवसाआड पाच ते दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि ही मिनिटे धावेच्या प्रारंभी ठेवावीत, पाय थकल्यावर नव्हे. भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याच्या रेषेत काचा, गळ आणि तुटलेले शिंपले असतात. ती रेषा ओलांडताना चालावे. वाळूवर पडलेले जेलीफिश मेलेले असले तरी त्यांचे दंशतंतू डंख करू शकतात. डंख झालाच, तर चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे. श्वासाला त्रास होऊ लागला किंवा वेदना पसरू लागल्या, तर लगेच रुग्णालय गाठावे.

लांब धाव, खडक, तापलेली वाळू आणि अंधार यांसाठी बूटच योग्य. वरचे कापड बारीक विणीचे असावे, म्हणजे वाळू आत शिरत नाही. घरी आल्यावर आतला तळवा काढून दोन्ही भाग गोड्या पाण्याने धुवावेत आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवल्यास डिंक सुटतो. नाड्यांच्या धातूच्या कड्या मिठाने गंजतात, त्यामुळे त्यांच्यावरून पाणी सोडण्यास विसरू नये. आठवड्यात तीन-चारदा किनाऱ्यावर धावणाऱ्यांनी दोन जोड आलटून पालटून वापरावेत, कारण दमट हवेत एक जोड पूर्ण वाळायला दोन दिवसही लागतात आणि ओल्या बुटात धावल्याने पायाला फोड येतात.